बाग बंद करू नका, माती बदला

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना गेली पंचवीस वर्षे मी एक सल्ला न चुकता देत आले आहे : "जड उचलू नका." हा सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे, हे मला माझ्याच घरात शिकावे लागले.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गॅलरीतील मोगऱ्याची कुंडी आडवी करून माती बदलण्याचा घाट घातला. ती कुंडी आईची. चौदा इंची, सिमेंटची. पावसाळ्यापूर्वी कुंड्यांची माती बदलायची, हा आईचा परिपाठ होता आणि तिच्या माघारी अण्णांनी तो निष्ठेने चालवला होता. त्या वेळी त्यांचे वय ८१ होते. कुंडी कलली आणि त्यांच्या कमरेत अशी कळ आली की, ते जागच्या जागी खाली बसले. एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पाचरीसारखा दबलेला दिसला. हाडे ठिसूळ झाली आहेत, हे आम्हांला त्या दिवशी समजले. डॉक्टरच्या घरात ते आधी समजायला हवे होते.

मी तत्काळ निर्णय दिला : "अण्णा, आजपासून बाग बंद." बहुतेक कुंड्या सोसायटीच्या माळीकाकांना देऊन टाकल्या. तुळस आणि तो मोगरा एवढेच राहिले.

सहा-सात आठवड्यांत दुखणे उतरले. पण दुसरेच काही बिघडू लागले. पहाटे साडेपाचला उठणारे अण्णा आठ-आठ वाजेपर्यंत अंथरुणात राहू लागले. रक्तदाबाची गोळी विसरू लागले. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वर्षानुवर्षे त्यांचा क्रम ठरलेला होता : आधी झाडांना पाणी, मग चहा, मग गोळी. पाणी घालणे सुटले आणि त्यामागची साखळीच तुटली. सकाळचे कोवळे ऊन, वाकणे-उठणे, शेजाऱ्यांशी गॅलरीतून होणारे दोन शब्द, हे सारे मी एका वाक्यात बंद करून टाकले होते. आजार टाळण्यासाठी दिलेल्या सल्ल्याचेही दुष्परिणाम असतात, हे औषधांच्या बाबतीत आपण जाणतो. सवयींच्या बाबतीत विसरतो.

मग मी प्रश्न उलटा विचारला. बाग ठेवून तिच्यातील धोक्याचे काम तेवढे कमी करता येईल का? घातक काम पाणी घालण्याचे नव्हते, फुले तोडण्याचेही नव्हते. ते होते दरवर्षी कुंडी रिकामी करून पुन्हा भरण्याचे. हे काम दरवर्षी का करावे लागते, याचा शोध घेताना मी ज्या वस्तूपाशी पोहोचले, ती आपल्या आजी-पणजींच्या ओळखीची होती : कोळसा. आज त्याला 'बायोचार' किंवा 'जैवकोळसा' म्हणतात. आजचा लेख त्याविषयी आहे. पण एका डॉक्टरच्या नजरेतून.

कुंडीतील माती का थकते?

जमिनीतील माती आणि कुंडीतील माती यांत मोठा फरक आहे. जमिनीत गांडुळे, मुळे, गळलेली पाने हे सगळे मातीला सतत भुसभुशीत करीत असतात. कुंडीत मात्र मूठभर मातीला वर्षभर रोजच्या पाण्याचा मारा सोसावा लागतो. आपण घातलेले शेणखत किंवा गांडूळखत आपल्या उष्ण हवेत भराभर कुजून संपते. त्यामुळे मातीची पातळी दोन-तीन बोटे खाली जाते, कण एकमेकांना घट्ट बिलगतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. वर पाणी साचून राहते, नाहीतर कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट घातले, तर कुंडी हलकी होते हे खरे. परंतु तोही कालांतराने कुजून बसतो.

कोळशाचे तसे नाही. लाकूड पुरेशी हवा न मिळता तापले की, त्यातील पाण्याची वाफ व वायू निघून जातात आणि कर्बाचा एक सच्छिद्र सांगाडा मागे राहतो. हा सांगाडा सूक्ष्म जीवांना सहजासहजी पचत नाही. तो मातीत दशकानुदशके टिकतो. त्याच्या छिद्रांमध्ये पाणी व हवा राहते आणि त्याच्या पृष्ठभागावर खतातील अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात सापडतो. तिथली मूळ जमीन धो-धो पावसाने निकस झालेली, पिवळट-तांबडी आहे. तरीही नदीकाठी मधूनमधून काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे आढळतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना 'तेरा प्रेता', म्हणजे काळी माती असेच म्हणतात. विम सोम्ब्रोक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली ॲमेझॉनच्या जमिनींवरील आपल्या ग्रंथात या मातीची दखल घेतली. ही माती निसर्गाने नव्हे, तर तिथल्या आदिवासींनी घडवली. चुलीतील कोळसा, माशांची हाडे, खापरांचे तुकडे आणि वस्तीतील ओला कचरा पिढ्यानुपिढ्या एकत्र पडत गेला. त्यांतील अनेक पट्टे पाचशे ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांतील कोळसा अजून टिकून आहे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. जैवकोळसा म्हणजे खत नव्हे. त्यात अन्न फारसे नसते. ते साठवण्याची जागा असते. रिकामे कोठार आणि धान्याने भरलेले कोठार यांत जो फरक, तोच कोरा कोळसा आणि मुरवलेला कोळसा यांत आहे. शिवाय त्याचा लाभ सगळीकडे सारखा होत नाही. उष्ण प्रदेशातील निकस, आम्लधर्मी जमिनीत तो ठळक दिसतो. मुळातच सुपीक असलेल्या मातीत फारसा जाणवत नाही. कुंडीत त्याचा खरा उपयोग मातीचा भुसभुशीतपणा टिकवण्यासाठी आहे. ज्येष्ठांच्या दृष्टीने हेच मोलाचे.

माझी चूक

हे सारे वाचून मी उत्साहाने इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर लोणारी कोळसा आणला. एका रविवारी गॅलरीत बसून तो बत्त्याने कुटला आणि मोगऱ्याच्या मातीत दोन ओंजळी मिसळला. अण्णा शेजारी खुर्चीवर बसून पाहत होते. काळी धूळ उडाली. दहा मिनिटांत त्यांना खोकल्याची उबळ आली आणि रात्री छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागला. तरुणपणी त्यांनी विडी ओढलेली आहे. त्यांची फुप्फुसे मला ठाऊक होती आणि तरीही मी ही चूक केली.

दुसरी चूक तीन आठवड्यांनी दिसली. मोगऱ्याची खालची, जुनी पाने फिकट पडून पिवळी होऊ लागली. ज्या झाडासाठी हा सगळा खटाटोप, तेच सुकू लागले. अण्णा काही बोलले नाहीत. पण रोज सकाळी गळलेली पाने उचलून गॅलरीच्या कठड्यावर मांडून ठेवू लागले. ते पाहणे मला जड गेले.

कारण खरे म्हणजे मला ठाऊक असायला हवे होते. इंटर्नशिपच्या काळात विष घेतलेल्या रुग्णांना आम्ही नळीवाटे काळा द्रव देत असू. तो असतो विशेष प्रक्रिया केलेला कोळसा. पोटातील विष त्याच्या पृष्ठभागाला चिकटते आणि रक्तात जायचे थांबते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. मात्र कोळशाला विष आणि औषध यांतला भेद कळत नाही. उपयुक्त औषधेही तो तितक्याच तत्परतेने धरून ठेवतो. कुंडीत हेच घडले होते. कोऱ्या कोळशाने मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतले आणि मोगरा उपाशी राहिला.

मी अण्णांना हे समजावून सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, आमच्याकडे बंबातला कोळसा कधी थेट झाडाला घातला नाही. तो आधी उकिरड्यात जायचा."

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र होते. जुन्या घरांत अंघोळीच्या बंबातील आणि चुलीतील विझलेले कोळसे, राख, शेण, भाजीची देठे हे सर्व परसातील उकिरड्यावर पडत असे. तिथे महिनोन्‌महिने भिजून, कुजून त्याचे खत होई आणि मग ते अळूला, केळीला, कर्दळीला मिळे. कोळसा उकिरड्यातून गेल्याशिवाय बागेत जात नसे. ॲमेझॉनच्या आदिवासींनी तरी वेगळे काय केले होते?

कोळसा मुरवण्याची रीत

आता फ्लॅटमध्ये उकिरडा कुठून आणायचा? त्याची गरज नाही. पुढील रीत मी स्वतः तीन वर्षे वापरत आहे.

निवड : लाकडाचा साधा लोणारी कोळसा किंवा रोपवाटिकेत मिळणारा तयार जैवकोळसा घ्यावा. चांगला कोळसा वजनाला हलका असतो, तुकड्यावर तुकडा आपटला की खणखणतो आणि हाताला लागलेली काजळी साध्या पाण्याने निघते. हात तेलकट होत असतील किंवा धुरकट वास येत असेल, तर तो अर्धवट जळलेला आहे. तो घेऊ नये. दगडी कोळसा अजिबात वापरू नये. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या विटाही नकोत. त्यांत चिकटवणारे आणि पेट घेण्यास मदत करणारे पदार्थ असू शकतात. राख म्हणजेही कोळसा नव्हे. राखेतील क्षारांमुळे कुंडीतील माती फार लवकर अल्कधर्मी होते.

भिजवणे : कोळशाचे मोठे तुकडे फोडण्यापूर्वीच बादलीत पाण्यात बुडवून एक दिवस-रात्र ठेवावेत. कोरडा कोळसा सुरुवातीला पाणी झिडकारतो आणि तरंगतो. वरून एखादी ताटली उपडी ठेवून त्यावर वजन ठेवावे. भिजल्यावर गोणपाटात गुंडाळून हातोडीने हलकेच फोडावा. धूळ उडत नाही. तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे असावेत. पीठ करू नये. हे काम घरातील धडधाकट व्यक्तीने करावे.

मुरवणे : फोडलेला ओला कोळसा आणि चांगले मुरलेले गांडूळखत समप्रमाणात घ्यावे. म्हणजे एक तसराळे कोळसा असेल, तर एक तसराळे खत. दोन्ही कालवून, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतपत ओलसर ठेवावे. छिद्रे असलेल्या जुन्या बादलीत भरून, वर गोणपाट टाकून, सावलीत तीन ते चार आठवडे ठेवावे. आठवड्यातून एकदा खालीवर करावे. कोरडे वाटल्यास पाणी शिंपडावे. मिश्रणाला पहिल्या पावसातील मातीसारखा वास येऊ लागला की, ते तयार झाले.

प्रमाण : नवी कुंडी भरताना एकूण दहा भागांपैकी चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि दोन भाग हे मुरवलेले मिश्रण घ्यावे. मिश्रणात निम्मा कोळसा असल्याने कुंडीत कोळशाचे प्रमाण दहा टक्के राहते. घरच्या कुंडीला एवढे पुरेसे आहे. जास्त घातल्याने जास्त गुण येतो, ही समजूत औषधात जशी घातक, तशीच इथेही.

वजनाचेही गणित सांगते. चौदा इंची कुंडी ओल्या मातीसह सहज ४० किलोंच्या पुढे जाते. दहा इंची प्लास्टिकची कुंडी वरील मिश्रणाने भरली, तर तिचे वजन साधारण दहा किलोंच्या आसपास राहते. हा हलकेपणा मुख्यतः लहान आकाराचा आणि कोकोपीटचा आहे. कोळशाचे काम हे की, कोकोपीट आणि खत बसू लागले तरी मातीत पोकळी राहावी आणि दरवर्षी कुंडी उपडी करण्याची वेळ येऊ नये. आमच्या घरी या तीन वर्षांत तुळस वगळता एकही कुंडी रिकामी करावी लागलेली नाही. वर्षातून दोनदा वरून दोन मुठी गांडूळखत तेवढे घालतो.

कुंडी न हलवता

जुन्या, जड कुंडीत लावलेले झाड असेल, तर ती हलवण्याची गरजच नाही. कुंडीच्या कडेने, खोडापासून दूर, एखाद्या जाड काडीने चार-पाच इंच खोल अशी सहा-सात भोके पाडावीत. त्यांत मुरवलेले मिश्रण भरावे, उरलेले वर पातळ पसरावे आणि पाणी द्यावे. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या जागी पुन्हा भोके पाडावीत. अण्णा हे काम स्टुलावर बसून करतात. कुंड्या कमरेच्या उंचीच्या लोखंडी मांडणीवर ठेवल्या आहेत, त्यामुळे वाकावे लागत नाही. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीने कमरेतून पुढे वाकून वजन उचलणे, हीच मणका दबण्याची नेमकी रीत आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

पिवळ्या पानांचे निदान

पाने पिवळी पडली की, आपण घाईने खत किंवा पाणी वाढवतो. ताप आला की लगेच अँटिबायोटिक घेण्यासारखेच हे आहे. आधी पाने नीट पाहावीत.

खालची जुनी पाने संपूर्ण फिकट-पिवळी होत असतील, तर नत्र कमी पडत आहे. कोरा कोळसा घातल्यावर असे होते. अशा वेळी महिनाभर दर आठवड्याला गांडूळखताचे पातळ पाणी द्यावे. आमचा मोगरा याच उपायाने सावरला. त्याला दीड महिना लागला.

शेंड्याकडील नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत असतील, तर बहुधा लोह मिळत नाही. माती फार अल्कधर्मी झाल्यास, लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. लाकडी कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो आणि देशावरची काळी, चुनखडीयुक्त माती मुळातच तशी असते. म्हणून अनंत, हायड्रेंजिया, अझेलिया यांसारख्या आम्लप्रिय झाडांना कोळसा घालू नये. काळ्या मातीऐवजी लाल माती वापरलेली बरी.

सगळीच पाने मलूल आणि माती ओलीचिंब असेल, तर पाणी जास्त होत आहे. कोळसा घातलेली माती वरून काळी दिसते, त्यामुळे ती ओली की कोरडी हे नजरेला कळत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहावे. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको.

फुप्फुसे, त्वचा आणि पाय

आता माझ्या मूळ व्यवसायाचे बोलते.

दमा, सीओपीडी किंवा जुना खोकला असलेल्या व्यक्तीने कोरड्या कोळशाजवळ थांबूही नये. भाताच्या तुसाचा कोळसा काही ठिकाणी मिळतो. त्यात सिलिकाचे प्रमाण बरेच असल्याने त्याची धूळ विशेष टाळावी. तयार पिशवी असेल, तर ती चेहऱ्यापासून दूर धरून, उघड्या हवेत फोडावी आणि लगेच आत पाणी शिंपडावे. खताच्या व मातीमिश्रणाच्या पिशव्यांनाही हाच नियम लावावा. अशा मिश्रणांत 'लिजिओनेला' गटातील एक जिवाणू आढळू शकतो. त्यामुळे होणारा न्यूमोनिया ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये चांगलाच परिचित आहे आणि तो प्रामुख्याने वयस्कर व धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींना गाठतो. बागकामानंतर काही दिवसांत ताप, खोकला, धाप असे काही झाल्यास डॉक्टरांना मातीकामाविषयी आवर्जून सांगावे.

मातीत हात घालताना हातमोजे असावेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. खापराचा किंवा कोळशाचा टोकदार तुकडा रुतला तरी कळत नाही. म्हणून गॅलरीतही अनवाणी जाऊ नये आणि रात्री तळपाय पाहण्याची सवय ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर गुलाबासारख्या काटेरी झाडांची छाटणी दुसऱ्याकडे सोपवावी. धनुर्वाताची प्रतिबंधक लस मोठ्यांनाही दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाली बसून काम करताना एकदम उठू नये. आधी एखादा मिनिट स्टुलावर बसावे आणि मग उभे राहावे. ओल्या फरशीवर सांडलेला कोळशाचा चुरा फार घसरडा होतो. तो लगेच पुसून घ्यावा.

सर्वांत गंभीर सूचना शेवटी. घरात किंवा गॅलरीत कोळसा तयार करण्याचा प्रयोग करू नये. हवा कमी असताना लाकूड जळते, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि मग ग्लानी, अशा क्रमाने तो माणसाला नेतो. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. गावाकडे मोकळ्या रानात कोणी कोळसा करीत असेल, तर तो भरपूर पाण्याने विझवून, एक संपूर्ण दिवस उघड्यावर ठेवून मगच पोत्यात भरावा. वरून थंड भासणारा कोळसा आतून धुमसत असतो आणि पुन्हा पेट घेऊ शकतो.

बशी आणि डास

कुंडीखालच्या बशीत साठलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते घर. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगितले जाते. मातीत पाणी धरून ठेवणारा कोळसा असला की, बशीत पाणी भरून ठेवण्याचे कारण उरत नाही. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिती करावी आणि आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी. डासाची अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात; नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

घरातील सांभाळणाऱ्यांसाठी

आई-वडिलांची किंवा सासू-सासऱ्यांची काळजी घेणाऱ्या वाचकांना काही गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत.

कोळसा भिजवणे, फोडणे, कुंडी भरणे ही कामे आपली. पाणी घालणे, वरून खत पसरणे, फुले तोडणे ही त्यांची. अशी वाटणी स्पष्ट करावी आणि त्यांचे काम हिसकावून घेऊ नये. कुंड्या मोजक्या ठेवाव्यात. चार-पाच पुरेशा आहेत. तुळस, गवती चहा, पानओवा, कोरफड, मोगरा ही झाडे थोड्या चुका पोटात घालतात.

विस्मरण होऊ लागलेल्या व्यक्तीकडून एकाच कुंडीला दिवसातून तीन-तीनदा पाणी घातले जाते. त्यांना रागावू नये. सकाळी पाण्याचा एकच लहान तांब्या भरून ठेवावा. तो संपला की त्या दिवसाचे काम संपले. कोळसा, निंबोळी पेंड, कीटकनाशक यांपैकी काहीही खाऊच्या डब्यात किंवा सरबताच्या बाटलीत साठवू नये. औषध म्हणून रुग्णालयात देतात तो कोळसा वेगळा आणि बागेतला वेगळा. पोट फुगले म्हणून किंवा दात घासायला बागेतला कोळसा कदापि वापरू नये.

शेवटी, कोणतेही आवडीचे काम बंद करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी, त्या कामाला आणखी काय-काय जोडलेले आहे, हे एकदा पाहावे. ते पाहिले नाही, म्हणून आमच्या घरी तीन महिने वाया गेले.

अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. मणका जसा दबला तसाच आहे. तो पूर्ववत होत नाही. हाडांसाठी औषधे सुरू आहेत. पहाटे साडेपाचची वेळ आता सव्वासहा झाली आहे. उठून ते तांब्या भरतात, पाच कुंड्यांना पाणी घालतात, चहा घेतात आणि गोळी घेतात. आईची सिमेंटची कुंडी तिच्या जागीच आहे. तिला तीन वर्षांत कोणी हलवलेले नाही. या वैशाखात मोगरा उशिरा आला, फुलेही आईच्या वेळेपेक्षा कमीच होती. अण्णांनी त्यांतली सात फुले ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या दवाखान्यात पाठवली. मी ती टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी आलेल्या पहिल्या आजोबांना "जड उचलू नका" म्हणण्यापूर्वी विचारले, "आजोबा, घरी तुमच्या कुंड्या किती आहेत?"